भिंतीचा ताप

नाना कुणाच्याही घरी गेले की आधी चपला काढतात आणि मग भिंतीला हात लावतात. सगळा तळहात टेकवून, डोळे किलकिले करून, तापलेल्या नातवाच्या कपाळाला लावावा तसा. घरमालक "या, बसा" म्हणतच असतो. नाना हात न काढता विचारतात, "ही पश्चिमेची का वं?" होय म्हटलं की मान हलवतात. "ताप हाय. एकशेदोन तरी असंल." मग पंखा, खुर्ची, चहा वगैरे. पण तोवर घरमालकाच्या मनात आपल्या बावीस लाखांच्या घराविषयी पाल चुकचुकलेली असते.

कुर्डुवाडी म्हणजे बाहेरगावच्या माणसाला एक फलाट. पंढरपूरला जाताना, लातूरला जाताना, मिरजेला जाताना इथं उतरायचं, वडा खायचा, दुसऱ्या गाडीत बसायचं. फलाटाच्या पलीकडे गाव आहे, त्यात माणसं राहतात, त्यांना मे महिना सोसावा लागतो, हे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. नाना बार्शी लाइट रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. 1897 साली सुरू झालेली अडीच फुटी रुळांची ती गाडी. तिची इंजिनं, डबे यांच्या नाडीवर नानांचा हात असायचा. बेअरिंग तापलं की हात लावून सांगायचे. पुढं रूळ रुंद झाले, छोटी गाडी गेली, नानाही सेवानिवृत्त झाले. पण हाताची सवय गेली नाही. तापलेलं बेअरिंग मिळेना, तेव्हा ते भिंतींकडे वळले.

आणि टीव्हीकडे. नाना टीव्ही बघत नाहीत, टीव्हीच्या शाळेत जातात. संध्याकाळी सह्याद्री वाहिनीवर ‘आमची माती आमची माणसं’ लागायचं, त्याच्या पाच मिनिटं आधी चष्मा पुसून, मांडीवर जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांची शिवलेली वही घेऊन बसायचे. गांडूळखत, शेततळं, बायोगॅस, मातीच्या विटा, सौरचूल, सगळं वहीत. जाहिरात लागली की उठून गच्चीवरच्या टाकीत डोकावून यायचं. कार्यक्रमात कुणी तज्ज्ञ "आपण पाहू शकता" म्हणाला की नाना मोठ्यानं "बगतोय" म्हणतात. वहीतलं पान कुणाला दाखवायचं असलं की सुरुवात ठरलेली: "आपल्या मनाचं सांगत न्हाई. टीव्हीवर दाखवलंय."

या वाक्याला नानांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या काकूंचं, एक ठेवणीतलं उत्तर आहे. "टीव्हीवर सासवा सुनांना विष घालताना पण दाखवतात."

आता यातली मेख अशी, की नानांचं स्वतःचं वडिलोपार्जित घर माळवदाचं होतं. आमच्या सोलापूरकडं जुनी घरं तशीच. हात-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, लाकडी तुळया, वर पांढऱ्या मातीचा जाड थर, उजेडाला मधोमध एक सवणं. बाहेर रस्त्यावर डांबर पातळ होत असताना आत घोंगडं अंथरून निजता यायचं. पावसाळ्याआधी वर नवी माती चढवायची, गळलं की शिव्या घालत पुन्हा चढवायची. ते घर नानांनी स्वतःच्या हातानं पाडलं. कारण 30 सप्टेंबर 1993. पहाटे चार वाजायच्या आत किल्लारीचा भूकंप झाला आणि हजारो माणसं झोपेतच, अशाच जड माळवदांखाली आणि अशाच जाड भिंतींखाली गेली. हादरा इथंही जाणवला. काकूंच्या माहेरची काही माणसं त्या बाजूची. त्या दिवसानंतर काकू घरात निजेनात. दोन महिने अंगणात झोपल्या. शेवटी नानांनी माळवद उतरवलं आणि फंडाचे पैसे काढून स्लॅब टाकला. एकट्या नानांनी नव्हे, आख्ख्या गल्लीनं तेच केलं. जिवाच्या भीतीनं घेतलेला तो निर्णय होता आणि तेव्हा तो चूक म्हणायची कुणाची छाती नव्हती. आजही नाही.

स्लॅब पडला आणि पहिला उन्हाळा आला. नाना सांगतात, "रात्री अकरा वाजता वरनं भाकरीच्या तव्यासारखी धग यायची. मी फिटर माणूस. म्हटलं, ह्यो बॉयलर आपणच बांधला की!"

तेव्हापासून हा माणूस मातीच्या घराकडे परत जायची वाट शोधतो आहे, आणि वाटेत काकू उभ्या आहेत. मध्यंतरी टीव्हीवर कच्छमधले भुंगे दाखवले. गोल, मातीचे, वर शंकूसारखं गवती छप्पर. 2001 च्या 26 जानेवारीच्या भूकंपात आजूबाजूची पक्की घरं पडली, पण नीट बांधलेले पुष्कळ भुंगे टिकले. नाना आनंदानं उडालेच. भूकंपावरचा काकूंचा मुद्दाच निकालात निघाला होता. ताटावर बसल्या बसल्या त्यांनी आमटीत बोट बुडवून वर्तुळ काढून दाखवलं. काकूंनी वर्तुळाकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "ह्यात कपाट कुठं टेकवायचं?"

नानांनी वही मिटली. कच्छच्या लोकांकडे उत्तर असणार, पण कार्यक्रमात ते दाखवलं नव्हतं.

मग लॉरी बेकर आले. बर्मिंगहॅमचा हा वास्तुरचनाकार 1945 च्या सुमारास भारतात आला आणि इथलाच झाला. केरळात त्यानं कमी खर्चाची, उघड्या विटांची, जाळ्याजाळ्यांची घरं बांधली. घराला लागणारा माल पाच मैलांच्या आत मिळाला पाहिजे, हा गांधीजींचा विचार त्यानं आयुष्यभर पाळला. नानांनी त्याच्यावरचा माहितीपट दूरदर्शनवर पाहिला आणि सलग तीन दिवस ते आमच्याशी बेकर आपले साडू असल्यासारखे बोलत होते. त्याच वेळी मी वरच्या मजल्याची एक खोली काढत होतो, हे माझं दुर्दैव. बेकरची एक युक्ती आहे, विटा आडव्या न ठेवता उभ्या कडेवर लावायच्या, म्हणजे भिंतीच्या पोटात पोकळी राहते. विटा चौथाईनं वाचतात आणि मधल्या हवेमुळं ऊन आत यायला वेळ लागतो. इंग्रजीत त्या बांधणीला रॅट ट्रॅप म्हणतात. नानांनी माझ्या गवंड्याला खडूनं जमिनीवर काढून दाखवलं आणि नावाचा अर्थही सांगितला, तिथंच चुकलं.

गवंडी म्हणाला, "उंदराचा पिंजरा? म्हंजी नाना, उंदरासाठी खोली आन् मालकासाठी बी खोली?"

तरी पश्चिमेची एक भिंत मी तशी बांधून घेतली. नाना रोज येऊन पोकळीत चुना-सिमेंटचा गिलावा पडत नाही ना, हे बॅटरीनं बघायचे. गवंड्यानं वेळ जास्त लागतो म्हणून मजुरी वाढवून घेतली, त्यामुळं वाचलेल्या विटांचे पैसे त्याच्याच खिशात गेले. पण खोटं का बोला, त्या खोलीत दुपारी पडता येतं. नाना आजही आले की त्याच भिंतीला आधी हात लावतात आणि आपल्या पोरीला बरं सासर मिळाल्यासारखे माझ्याकडे बघतात.

नानांचा खरा पराक्रम चुन्याचा. गच्चीला पांढरा रंग दिला की ऊन परत फिरतं, खोली थंड राहते, हे त्यांनी कुठल्याशा कार्यक्रमात पाहिलं. अहमदाबादेनं उष्णतेच्या लाटांसाठी 2013 साली कृती आराखडा केला. त्या शहरात वस्त्यांच्या छपरांना पुढं पांढरा रंग दिला. नानांनी शास्त्रशुद्ध प्रयोग करायचं ठरवलं. गच्चीचे दोन भाग. अर्ध्या गच्चीला चुना, त्यात चिकटपणाला फेविकॉल. अर्धी तशीच काळी. खाली दोन खोल्यांत दोन तापमापकं. दर दोन तासांनी नोंद. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात नाना वही घेऊन गल्लीभर फिरले: तीन अंशांचा फरक! आम्ही सगळे खरोखरच चकित झालो.

पण तो आठवडा कुरडयांचा होता. गव्हाचा चीक शिजवून काकूंनी पहाटे गच्चीवर साडी अंथरली आणि कुरडया घातल्या. पांढऱ्या भागात, कारण तिथं स्वच्छ वाटलं. कुरडया वाळेनात. वरचं ऊन तेच, पण खालची फरशी तापेना. शेवटी काळ्या भागात नवा घाणा घातला, तो दीड दिवसात कडकडीत वाळला. काकूंनी दोन कुरडया, एक अजून मऊ आणि एक कडक, नानांच्या वहीवर आणून ठेवल्या. "ह्याची पण नोंद करा." नानांनी केली. वहीत अजून आहे ती: ‘वाळवणासाठी काळा भाग राखीव.’ त्या एका ओळीमुळं पुढच्या वर्षी गल्लीतल्या नऊ घरांनी चुना लावला. बायका तयार झाल्याशिवाय गच्ची हलत नाही, हे टीव्हीवरच्या एकाही तज्ज्ञानं सांगितलं नव्हतं. फक्त समोरच्या माडीवरच्या गुरुजींची तक्रार राहिली: दुपारी खिडकी उघडली की डोळे दिपतात.

पाण्याचंही तसंच. हजार चौरस फुटांचं छत, आपल्याकडं वर्षाला पाचशे मिलिमीटर पाऊस धरा, झाले 46 हजार लिटर! हे गणित नानांनी आजवर किती वास्तुशांतींत, किती साखरपुड्यांत आणि एका दहाव्यालाही सांगितलं आहे. अंगणात त्यांनी गच्चीच्या पाण्याची टाकी बांधली आणि तिचं नाव ठेवलं उजनी. पाण्याची भाषाही तीच. आमच्या जिल्ह्यात उजनी धरण दर उन्हाळ्यात ‘मायनस’मध्ये जातं. 117 टीएमसीचं अवाढव्य धरण, पण त्यातला निम्म्याहून जास्त साठा मृत, म्हणजे दारांच्या पातळीखालचा. वरचा संपला की बातम्यांत ‘उणे दहा टक्के, उणे वीस टक्के’ सुरू होतं. नानांच्या टाकीचीही तोटी तळापासून हातभर वर आहे. मार्च लागला की काकू अंगणातून ओरडतात, "उजनी मायनस झाली हो!" आणि नाना टमरेल बांधलेली काठी घेऊन निघतात.

उजनीवरून आठवलं. नानांचा पुतण्या पुण्यात आहे, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्यानं एकविसाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. संकुलाला हरित इमारतीचं प्रमाणपत्र, दारात त्याचा पितळी फलक, आणि गुळगुळीत पुस्तिकेत सगळीकडे पानंच पानं. वास्तुशांतीला आम्ही दोघं गेलो. नानांनी फलकाला नमस्कारच केला. सौरपॅनेल बघितली, एलईडी बघितले, लिफ्टमधली कुंडी बघितली. भिंतीला हात लावला. ताप नव्हता, एसी चालू होता. मग ते न्हाणीघरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले ते पुतण्याला घेऊन कोपऱ्यात.

"ह्ये पाणी कुठं जातं रं?"

"खाली शुद्धीकरण प्रकल्प आहे ना नाना. बागेला वापरतात."

"समदं?"

"उरलेलं नाल्यात जात असेल."

"आन् नाला?"

"मुळेत."

"मुळा?"

पुतण्यानं एव्हाना सुटकेसाठी इकडंतिकडं बघायला सुरुवात केली होती. "मुळा-मुठा... मग भीमेला मिळते ना? पुढचं मला नाही माहीत नाना."

"मला माहीत हाय," नाना म्हणाले. "पुढं उजनी. आन् त्येच्या पुढं आमी."

शब्द एवढेच, आवाजही चढला नव्हता. पण पुतण्याच्या बायकोनं हातातलं जिलेबीचं ताट खाली ठेवलं. पुणं आणि पिंपरी-चिंचवड यांचं सांडपाणी भीमेतून उजनीत उतरतं, आणि तेच पाणी सोलापूर जिल्हा पितो, शेतीला देतो, हे आमच्याकडच्या पोरासोरांना ठाऊक आहे. उजनी बांधताना आमच्या बाजूचीही गावं उठली. पुण्यात पाऊस झाला की आम्ही टीव्हीसमोर बसून खडकवासल्यातून किती क्युसेक सोडले ते मोजतो, देवाचा प्रसाद वाटावा तसं. प्रसादात काय काय येतं, ते बातमीत नसतं. परतीच्या गाडीत दौंड मागं पडलं तरी नाना गप्प होते. भीमेवरच्या पुलावर गाडी आली तेव्हा खिडकीतून बघत म्हणाले, "घर हिरवं हाय त्येचं. मोरी हिरवी न्हाई." मग पुतण्याच्या बायकोनं बांधून दिलेली जिलेबी काढली आणि आम्ही खाल्ली. चांगली होती.

हे सगळं लोकांना कळलं पाहिजे, आणि ते टीव्हीवरूनच कळलं पाहिजे, असं नानांच्या मनानं घेतलं. व्याख्यान दिलं तर लोक जांभया देतात. तेच टीव्हीवर आलं तर वहीत उतरवून घेतात, हा स्वतःवरून काढलेला निष्कर्ष. तेव्हा गावात केबलवाल्याचा एक स्थानिक चॅनल चाले. वाढदिवसाचे फोटो, दुकानांच्या जाहिराती, हरवलेली म्हैस, मग रात्री पिक्चर. नानांनी केबलवाल्याला गाठून अर्धा तास मिळवला. कार्यक्रमाचं नाव ‘आपलं घर, आपली हवा’. निवेदक नाना, तज्ज्ञ नाना, कॅमेऱ्यावर केबलवाल्याचा मेहुणा. माझं काम पाटी धरायचं.

प्रायोजक हवाच होता. तो मिळाला: बाजारातला सिमेंट-सळईचा दुकानदार. त्यामुळं झालं असं, की पडद्यावर नाना कळकळीनं सांगतायत, जगात माणूस जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो त्यातला सात-आठ टक्के एकट्या सिमेंटमुळं, आणि त्यांच्या छातीवरून पट्टी सरकतेय: ‘मजबूत घरासाठी सिमेंट व सळई योग्य दरात मिळेल’. पुढचा भाग सौरदिव्यांचा. ते लोडशेडिंगचे दिवस होते. नाना "आता आपण दिवा लावून बघू" म्हणाले आणि गावची लाइट गेली. ज्यांच्याकडं इन्व्हर्टर होता अशा चार-सहा घरांतच तो भाग दिसला. नाना हताश होऊन म्हणाले, "ज्यांना गरज न्हाई, त्यांनीच बगितलं."

तिसरा भाग झाला नाही. दुकानदारानं पट्टी काढून घेतली.

पण ‘ज्यांना गरज न्हाई’ हे आपलंच वाक्य नानांच्या मनात राहिलं असावं. रुळांपलीकडच्या वस्तीत काकूंकडे कामाला येणाऱ्या मावशींचं घर आहे. वर पत्रा, भिंतीही पत्र्याच्या. नाना एकदा तिथं गेले आणि सवयीनं भिंतीला हात लावायला गेले, तर चटकाच बसला. घरी येऊन टीव्ही लावला नाही. दुसऱ्या दिवशी एका शेतकऱ्याकडून उसाचं पाचट आणून त्यांनी पत्र्यावर अंथरलं. तिसऱ्या दिवशी वळवाचं वादळ आलं आणि ते पाचट पार स्टेशनापर्यंत गेलं; फलाटावरच्या प्रवाशांनी कपड्यांवरून वेचून काढलं. शिवाय पाचट म्हणजे एका ठिणगीचं काम, हे मावशींच्या लेकानं त्यांना सुनावलं. मग नाना चुन्यावर आले. पासष्टी उलटलेला माणूस, शिडी लावून, डोक्याला टॉवेल बांधून, दोन रविवार पत्रे रंगवत होता. एक, मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. काकू खाली ताकाची बरणी घेऊन उभ्या आणि वरून पडतील म्हणून शिव्या देत. मावशींना मी नंतर विचारलं, फरक पडला का? "दुपारी पाठ टेकता येतीय आता," त्या म्हणाल्या. मी हे नानांना सांगितलं, तर म्हणाले, "टीव्हीवाले बंगलेच दाखवतात. पत्र्याखाली कॅमेरा जात न्हाई. आत मावत नसंल."

2024 मध्ये सूर्यघर योजनेचं अनुदान जाहीर झालं तेव्हा दोन किलोवॅटला 60 हजार मिळतात म्हटल्यावर नानांनी पॅनेल बसवली. महावितरणचा माणूस मीटर लावून गेला, आणि सूर्याच्या त्या विजेवर नानांनी सगळ्यात आधी लावला तो टीव्ही.

आणि मग गेल्या एप्रिलात टीव्ही स्वतः चालत आला. एका वाहिनीचा पत्रकार उन्हाळ्याच्या बातमीसाठी कुर्डुवाडीत उतरला होता. पोरांनी त्याला नानांकडे धाडलं. नानांनी इस्त्रीचा सदरा घातला. त्याला गच्ची दाखवली, टाकी दाखवली, केळीला जाणारं मोरीचं पाणी दाखवलं, दोन्ही तापमापकं दाखवली. किल्लारी, कच्छ, बेकर, मुळा-मुठा, 46 हजार लिटर, पत्रे. चाळीस मिनिटं नाना बोलले. पत्रकार भला मुलगा होता, मान हलवत होता. त्या चाळीस मिनिटांत नानांनी एकदाच उपरण्यानं कपाळ पुसलं.

रात्री आम्ही सगळे त्यांच्याकडे जमलो. बातमी आली. पडद्यावर नाना कपाळ पुसतायत. खाली ठळक अक्षरं: ‘उकाड्यानं नागरिक हैराण’. सात सेकंद. आणि बातमी पुढच्या गावाला गेली.

खोलीत कुणी बोललं नाही. गावातल्या सगळ्यात थंड खोलीत आम्ही बसलो होतो. नाना रिमोटकडे बघत राहिले.

"माझ्या कुरडया मात्र ब्येस दिसल्या हो," काकू म्हणाल्या. "मागं, काळ्या भागात. बगितल्या का?"

नानांनी बघितल्या होत्या. मागं जे असतं ते दिसतं, हे त्यांनी त्याच रात्री वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी कॅमेरेवाला जिथं उभा होता तिथं त्यांनी खडूनं खूण केली आणि बरोबर तिच्या समोरच्या कठड्यावर गेरूनं, रस्त्यावरूनही वाचता येतील एवढी टपोरी अक्षरं काढली: ‘छताला चुना लावा’. आता कुणीही येऊ दे, कितीही कापू दे.

काल भाजी घेऊन येताना मी वर पाहिलं. काकूंनी धुतलेली गोधडी कठड्यावर वाळत घातली होती. पहिला शब्द तिच्याखाली गेला होता. खाली रस्त्यावर कॉलेजची दोन पोरं मान वर करून, आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं, उरलेलं वाचत होती.